सहा मिनिटं चाळीस सेकंद: निपाणीतल्या एका दुकानाचा लॅपटॉप

पार्श्वभूमी

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या जवळ झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांचं एक छोटं दुकान आहे. चालवणाऱ्या बाईंना सगळं गिऱ्हाईक ‘अक्का’ म्हणतं, म्हणून इथेही तेच नाव. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

दुकानाचा सगळा कारभार एका लॅपटॉपवर. आय३-५००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क, विंडोज १०. २०१६ मध्ये घेतला तेव्हा तो विंडोजशिवाय, नुसत्या डॉसवर आला होता. विंडोज नंतर दुकानदाराने जुन्या लेगसी पद्धतीने बसवून दिलं. ही बारीक गोष्ट पुढे नडली.

काम दोन भाषांतलं. लग्नपत्रिका, भजनी मंडळांची पत्रकं, वास्तुशांतीची निमंत्रणं मराठीत, श्री-लिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये. तहसीलदार कचेरीतले अर्ज कन्नडमध्ये, नुडी या तशाच कन्नड सॉफ्टवेअरमध्ये. शिवाय कर्नाटक सरकारच्या भूमी पोर्टलवरून जमिनीचे उतारे, सेवा सिंधूवरचे अर्ज, विडी कामगार बायकांची कागदपत्रं. आठ वर्षांत २१२ जीबी माल साठला होता, त्यात लोकांच्या आधार कार्डांचे आणि बँक पासबुकांचे स्कॅन शेकड्यांनी. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

अडचण

जून २०२४ मध्ये लॅपटॉप दुरुस्तीला आला तो एकाच वाक्यासह: “बटण दाबून समोरच्या टपरीवर चहा पिऊन आलं तरी चालू होत नाही बघा.” घड्याळ लावून पाहिलं. बटण दाबल्यापासून वर्डची फाइल उघडेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद.

टास्क मॅनेजर उघडल्यावर निम्मं निदान तिथेच झालं. प्रोसेसर १४ टक्के, मेमरी ३.४ जीबी भरलेली, डिस्क १०० टक्के. पण डिस्क १०० टक्के राबत असताना माहिती किती हलत होती, तर सेकंदाला ०.६ एमबी. खाली प्रतिसादाचा सरासरी वेळ ३,४०० मिलिसेकंद. धडधाकट हार्ड डिस्कला हा आकडा दोन अंकी शोभतो.

५४०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवी ती जागा वाचणाऱ्या मुंडीखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात मुंडी सरकायचा वेळ धरला तर सुट्या-सुट्या जागांवरची वाचनं सेकंदाला पन्नास-साठच्या वर जात नाहीत. विंडोज सुरू होताना अशी हजारो वाचनं मागतं. म्हणजे चांगली हार्ड डिस्कसुद्धा आजच्या कामाला संथच. पण संथ डिस्क चहाइतका वेळ घेत नाही. इथे डिस्क काही जागा पुन्हा पुन्हा वाचायला जात होती आणि प्रत्येक वेळी कित्येक सेकंद अडकून पडत होती.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा ‘सावधान’ होता. त्यातले कच्चे आकडे हे साधन मुळात सोळाच्या पायावर दाखवतं, आणि इथे बरेच जण फसतात. ०५ या ओळीत, म्हणजे बदली दिलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) ओळीत, ‘१ए८’ होतं, म्हणजे ४२४. सी५ या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निर्णयाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांत, ‘३८’. म्हणजे अडतीस नव्हे, ५६. चालू तासांसमोर ‘५बी३सी’, म्हणजे २३,३५६ तास. सी७ मात्र शून्य. ती ओळ केबलच्या चुका मोजते. ती वाढलेली असती तर दोष डिस्कपर्यंत जाणाऱ्या पट्टीत असू शकला असता आणि नवी डिस्क घालूनही रडगाणं चालूच राहिलं असतं.

आधी झालेले उपाय

अक्कांच्या भाच्याने तीन आठवडे आधी हात मारून पाहिला होता. त्याने दुसरा अँटिव्हायरस टाकला. मग डीफ्रॅग केलं. मग चेकडिस्क ‘आर’ पर्यायासह रात्रभर लावलं. ते ११ टक्क्यांवर अडकलं आणि सकाळी गिऱ्हाईक उभं राहिल्यावर बटण दाबून बंद करण्यात आलं.

तिन्ही उपाय प्रचलित आहेत आणि तिन्ही इथे चुकीचे होते. डीफ्रॅग म्हणजे मरणाऱ्या डिस्कला सगळा माल उचलून दुसरीकडे मांडायला लावणं. ‘आर’ पर्याय तर प्रत्येक जागा वाचून पाहतो आणि खराब जागेवर अडून राहतो. शिवाय तो फाइलींच्या हिशेबातही फेरफार करतो, आणि ते काम अर्ध्यात तोडलं तर फाइल कुठून कुठे जाते हे कळायची सोयच राहत नाही. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करतं, डिस्कचं यंत्र नाही.

भाच्याने एक गोष्ट मात्र लाखमोलाची केली होती: त्या दिवशीच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. त्यात सी५ समोर नुसता ‘सी’ होता, म्हणजे १२. तीन आठवड्यांत १२ चे ५६. एकदाच बघून डिस्क किती दिवसांची सोबती आहे ते कळत नाही. चढ दिसला की कळतं. पहिला निर्णय इथे झाला: लॅपटॉप बंद करायचा आणि माहितीची प्रत निघेपर्यंत विंडोज त्या डिस्कवरून पुन्हा सुरू करायचंच नाही.

समोर असलेले पर्याय

बाजारातल्या एका दुकानाने “रॅम वाढवा, पळेल” असं सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. ४ जीबी भरली की विंडोज उरलेलं ओझं डिस्कवर टाकतं, त्यामुळे रॅम वाढवल्याने फरक पडलाच असता. पण मरणारी डिस्क आत ठेवून.

नवा लॅपटॉप ३५ ते ४० हजारांचा. अक्कांची ना पैशामुळे होती तशीच फॉन्टमुळेही. श्री-लिपीची सीडी सापडत नव्हती आणि परवाना याच मशीनवर बसवलेला. श्री-लिपी आणि जुन्या नुडीतल्या फाइली युनिकोड नाहीत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की लग्नपत्रिकेवर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. आठ वर्षांचे नमुने त्याच स्वरूपात होते.

नवी हार्ड डिस्क घालणं व्यर्थ, कारण १ टीबी हार्ड डिस्क आणि ५०० जीबी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) यांच्या किमतीत तेव्हा फारसं अंतर उरलेलं नव्हतं. डीव्हीडीच्या जागी चौकट बसवून जुनी डिस्क साठ्यासाठी ठेवावी, असाही एक विचार निघाला. डिस्क चांगली असेल तर ही युक्ती छान आहे. इथे ती धोकादायक होती. खराब डिस्क नुसती जोडलेली असली तरी विंडोज तिला विचारायला जातं आणि अडकतं.

उरले दोन: एसएसडीवर कोरं विंडोज, किंवा जुनी व्यवस्था जशीच्या तशी एसएसडीवर हलवणं. तांत्रिकदृष्ट्या कोरं विंडोज केव्हाही स्वच्छ. फॉन्टचा परवाना आणि अंगठ्याच्या मशीनचं जुनं ड्रायव्हर या दोन गोष्टींनी तराजू दुसरीकडे झुकवला. ठरलं ते असं: जुनी व्यवस्था हलवायची, ५०० जीबी एसएसडी, सोबत ४ जीबी रॅम आणि नवी बॅटरी.

बॅटरीचा मुद्दा अक्कांना पटायला वेळ लागला. “वेगाचा आणि बॅटरीचा काय संबंध?” संबंध असा, की बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली होती आणि लॅपटॉप नुसत्या वायरीवर चालत होता. लाइट गेली की लिहिता लिहिता तो विझायचा. हार्ड डिस्कची मुंडी अशा वेळी घाईने जागेवर पळते, आणि त्या पळापळीचा हिशेब सी० या ओळीत साचतो. तिथे चार आकडी संख्या होती. साध्या एसएसडीलाही अशी अचानक वीज जाणं मानवत नाही. नवी डिस्क जुन्याच सवयीच्या हवाली करण्यात अर्थ नव्हता.

खरेदी

एसएसडी सुमारे ४० किलोमीटरवरच्या कोल्हापुरातून आणली, कारण अक्का कागद आणायला तिकडे जातातच आणि हमीसाठी परत जाणं बेळगावपेक्षा जवळ पडतं. घेताना तीन गोष्टी पाहिल्या: २.५ इंची साटा, म्हणजे जुन्या डिस्कच्याच आकाराची आणि जोडणीची, कारण या लॅपटॉपमध्ये एम.२ ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, खाच नाही. खोक्यावर किती टीबी लिहिण्याची हमी दिली आहे तो आकडा. आणि किमान ३ वर्षांची वॉरंटी. लिहिण्याची हमी छापलेलीच नसेल तो माल कितीही स्वस्त असो, सोडून द्यावा. रॅमसाठी काउंटरवरच्या पोराने आधी ‘पीसी३’ काढून दिली. या प्रोसेसरला १.३५ व्होल्टची ‘पीसी३एल’ लागते. त्या एका ‘एल’वरून माघारी फेरा पडला असता.

एसएसडी ३,२००, रॅम १,०००, बॅटरी १,९००, मजुरी ८००. एकूण ६,९०० रुपये.

माहिती उतरवून घेणं

सगळ्यात जास्त वेळ आणि काळजी इथे गेली. नेहमीचं क्लोन सॉफ्टवेअर खराब सेक्टरवर आदळलं की थांबतं किंवा सगळं काम सोडून देतं. म्हणून लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची प्रत काढणारं साधन वापरलं. जुनी डिस्क काढून डेस्कटॉपच्या साटा पोर्टला थेट लावली. यूएसबी अडॅप्टर मुद्दाम टाळला, कारण खराब जागेवर अडकलेल्या डिस्कला काही अडॅप्टर मध्येच सोडून देतात. समोर धडधाकट १ टीबीची दुसरी डिस्क. दोन्हींवर १,९५,३५,२५,१६८ सेक्टर आहेत हे आधी ताडून घेतलं. प्रत घेणारी डिस्क एका सेक्टरनेही कमी चालत नाही.

इथली सर्वांत महागडी चूक म्हणजे कुठून आणि कुठे यांची अदलाबदल. लिनक्समध्ये डिस्कांची नावं एकाच अक्षराच्या फरकाची असतात आणि ती पुढच्या वेळी बदलूही शकतात. त्यामुळे नावावर न जाता दोन्ही डिस्कांच्या लेबलवरचे अनुक्रमांक कागदावर लिहून ते पडद्यावरच्या यादीशी जुळवले, आणि जुन्या डिस्कला लाल चिकटपट्टी लावली.

पहिल्या फेरीत खराब जागा खरवडायची नाही, ओलांडून पुढे जायचं, असा पर्याय दिला. डिस्क पालथी न ठेवता सपाट, बाजूने टेबलफॅन. चौथ्या तासाला लाइट गेली. यूपीएसने दहा मिनिटं तग धरला, मग काम रीतसर थांबवून मशीन बंद केलं. डीडीरेस्क्यूची नकाशा-फाइल पेनड्राइव्हवर असल्याने लाइट आल्यावर काम सोडलं तिथूनच पुढे सुरू झालं. ही फाइल दिली नसती तर पहिल्यापासून, आणि तेही आणखी थकलेल्या डिस्कवर.

साडेपाच तासांत पहिली फेरी आटोपली. ३८ एमबी बाकी होते. मग उलट दिशेने एक फेरी आणि तीन वेळा पुन्हा प्रयत्न. बाकी राहिलं ३१२ केबी. रात्रभर चालू ठेवलं तर आणखी काही केबी निघाले असते, पण तिसऱ्या प्रयत्नात डिस्कमधून अधूनमधून ‘टक्’ असा आवाज यायला लागला. काम तिथेच थांबवलं.

३१२ केबी ऐकायला किरकोळ, पण ते कुणाचे हे कळायला हवं. डीडीरेस्क्यूलाच सांगून प्रतीवरच्या त्या रिकाम्या जागा एका ठरावीक खुणेच्या शब्दाने भरल्या आणि मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधला. हे फक्त प्रतीवर करायचं. मूळ डिस्कवर केलं तर उरलंसुरलं गेलं. सात फाइली निघाल्या: तीन जुने फोटो, २०१९ ची एक लग्नपत्रिका, विंडोजच्या दोन नोंद-फाइली आणि नुडीचा एक फॉन्ट. कन्नड अर्ज छापताना लॅपटॉप का गोठायचा, त्याचं उत्तर त्या शेवटच्या नावात होतं.

त्यानंतर प्रतीवर, आणि फक्त प्रतीवर, चेकडिस्क चालवलं. मग मोठं पार्टिशन आकसून ४०० जीबीच्या आत आणलं आणि ती प्रत एसएसडीवर उतरवली. शेवटी थोडी जागा मोकळीच ठेवली. स्वस्त एसएसडीला आतल्या आवराआवरीला ती कामी येते.

बसवणी

बॅटरी काढून पॉवरचं बटण २० सेकंद दाबून धरलं. खालून १३ स्क्रू: दोन रबरी पायांखाली, एक डीव्हीडी ड्राइव्ह सरकवल्यावर दिसणारा. हा शेवटचा राहून गेला आणि झाकण ओढलं तर कोपरा तडकतो. स्क्रू तीन लांबीचे होते. कागदावर लॅपटॉपची चौकट काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवले. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की तळहाताच्या बाजूला फुगवटा येतो.

आत उघडल्यावर पंख्याच्या जाळीत तपकिरी गादी बसलेली. वखारींच्या गल्लीतला तंबाखूचा चुरा आणि झेरॉक्सच्या टोनरची भुकटी यांचं ते मिश्रण. पंखा बोटाने रोखून ब्रशने झाडलं, थर्मल पेस्ट बदलली. प्रोसेसर भाराखाली ९२ अंशांवर जायचा तो ७१ वर आला. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड आणि एसएसडी ७ मिलिमीटर. लोखंडी चौकटीला चार स्क्रूंनी बसत असल्याने मध्ये पट्टी भरावी लागली नाही.

लॅपटॉप चालू केला आणि काळ्या पडद्यावर ‘आवश्यक डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला.

डिस्कमध्ये बिघाड नव्हता. लेगसी पद्धतीच्या डिस्कवर एक सही असते आणि विंडोज आपलं घर तिच्यावरून ओळखतं. हुबेहूब प्रत म्हटल्यावर सहीसुद्धा तीच. आदल्या संध्याकाळी १ टीबीची प्रत आणि एसएसडी दोन्ही एकाच विंडोज डेस्कटॉपला लावलेल्या होत्या. दोन सारख्या सह्या दिसल्यावर विंडोजने एसएसडी ‘ऑफलाइन’ ठेवली. मदतनीसाने भलेपणाने ‘ऑनलाइन’वर क्लिक केलं, आणि विंडोजने वाद मिटवायला तिची सही बदलून टाकली.

विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडला, डिस्कपार्टमध्ये एसएसडी निवडली आणि ‘युनिकआयडी’ आदेशाने जुनी सही परत दिली; ती १ टीबीच्या प्रतीवर वाचता येत होती. दहा मिनिटांचं काम. पण कारण न कळता कुणी चिडून कोरं विंडोज टाकून मोकळा झाला असता, तर श्री-लिपी तिथेच गेली असती.

नंतरच्या तपासण्या झटपट: बायोसमध्ये डिस्कशी बोलायची एएचसीआय पद्धत, ट्रिमचं (एसएसडीला पुसलेली जागा कळवण्याच्या सोयीचं) उत्तर शून्य म्हणजे चालू, ऑप्टिमाइझच्या खिडकीत ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ अशी ओळख. दुसरा अँटिव्हायरस काढला. नुडीचा फॉन्ट नव्याने घातला. विंडोजचं सक्रियण टिकून होतं, कारण ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं.

निकाल

बटणापासून वर्डची फाइल उघडेपर्यंत ३१ सेकंद. सलग वाचनाचा वेग सेकंदाला ७१ एमबीवरून ५२० वर गेला, पण रोजच्या कामात जाणवतो तो दुसरा आकडा: ४ केबीच्या सुट्या तुकड्यांचं वाचन ०.३ वरून २४ एमबीवर. पहिल्या दिवशी अक्कांनी एक पत्रिका, एक उतारा आणि तीन आधार कार्डं एकदम उघडून बघितली आणि म्हणाल्या, “आता गिऱ्हाइकाला बसा म्हणायला पण वेळ नाही की हो.”

जुन्या डिस्कचं काय, हा प्रश्न अक्कांनीच काढला. खराब सेक्टरांवर पुसण्याचा आदेश पोहोचेल याची खात्री नसते आणि आत लोकांची आधार कार्डं. महिनाभर जपून ठेवून, सगळ्या फाइली उघडतात याची खात्री झाल्यावर, तिच्यात आरपार भोकं पाडली. २.५ इंची डिस्कांच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि फुटताना उडतात. त्यामुळे कापडात गुंडाळून आणि डोळ्यांवर चष्मा लावून. १ टीबीची प्रतही त्याच दिवशी पूर्ण पुसली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी त्रुटी प्रत काढण्याच्या पद्धतीत. डिस्कवर माल २१२ जीबी होता आणि वाचली पूर्ण १ टीबी. एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल-मांडणीच्या, वापराच्या नोंदीवरून फक्त भरलेल्या जागांचा नकाशा काढून तेवढंच डीडीरेस्क्यूला वाचायला लावता येतं. मुंडी ‘टक्’ वाजवायला लागली ती कदाचित त्या ७८८ जीबी रिकाम्या माळरानावर पायपीट करूनच.

नुकसान झालेल्या फाइलींची यादी अक्कांना त्याच दिवशी दाखवायला हवी होती. ती आठवड्याने दाखवली गेली. तेवढ्यात त्या लग्नपत्रिकेचं घर दुसऱ्या मुलाच्या लग्नासाठी तोच नमुना मागायला येऊन गेलं होतं.

सहीच्या गोंधळासाठी उपाय साधा: सारख्या प्रती एका विंडोज मशीनला एकाच वेळी लावायच्या नाहीत, आणि लावाव्याच लागल्या तर ‘ऑनलाइन’ला हात लावायचा नाही.

जुनी व्यवस्था हलवण्याचा निर्णय मात्र वादाचा राहील. आठ वर्षांचा कचराही सोबत आला. शिवाय हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० ची नियमित सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरकर्त्यांना मिळणारी जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणजे ६,९०० रुपयांत वेग आला, वर्षं मोजकीच आली. विंडोज १० ची मुदत संपणार हे अक्कांना जून २०२४ मध्येच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

लॅपटॉप परत देताना एक बाहेरची डिस्क आणि दर रविवारी तिच्यावर प्रत घ्यायची पद्धत घालून दिली होती. नोव्हेंबर २०२५ च्या तपासणीत एसएसडीचं आयुष्य ९७ टक्के दिसलं, बॅटरी दीड तास टिकत होती. ड्रॉवरमधल्या बाहेरच्या डिस्कवरची शेवटची प्रत अकरा आठवड्यांपूर्वीची होती.